सासूबाईंची घळ

माझ्या सासूबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या डोंगरावरून खाली येत होत्या.

तेव्हा त्या माझ्या सासूबाई व्हायच्या होत्या. मी पुण्याची. जपानी शिकून शिष्यवृत्तीवर इकडे आले आणि कावासाकीतल्या एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत भाषांतराच्या कामाला लागले. तिथेच माझा नवरा भेटला. नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. लग्न करायचं दोघांनी ठरवल्यावर नवीन वर्षाच्या सुट्टीत तो मला आईवडिलांना दाखवायला गावी घेऊन गेला. नागानोच्या उत्तरेला, निइगाताच्या हद्दीजवळ डोंगरात त्याचं गाव. टोकियोच्या उएनो स्टेशनवरून गाडी, मग दोन डब्यांची छोटी गाडी, मग बस. बसमधून उतरले तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माझ्या डोक्याच्या वर बर्फाच्या भिंती. मी नवी साडी बॅगेत घेऊन आले होते. ती कुठे नेसणार, असा प्रश्न मला पडला.

"आई येतेय बघ," तो म्हणाला.

मी रस्त्याकडे पाहिलं. रस्ता रिकामा होता.

"तिकडे नाही. वर."

स्कीवाल्यांना डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टच्या पलीकडे, झाडांमधून, एक निळी आकृती खाली येत होती. झाडं दाट होती, उतार असा की मी तिथे चार पावलंही टाकली नसती. ती आकृती मात्र दोन झाडांच्या मधून सुटायची, पुढच्या दोन झाडांच्या मधे दिसायची, आणि मधे कुठेही घाई नव्हती. शेवटी आमच्यापासून दहा हातांवर त्या थांबल्या, गॉगल कपाळावर चढवला आणि स्की पायात असतानाच कमरेतून वाकून मला नमस्कार केला. वय सत्तावन्न. गॉगलमुळे चेहऱ्याचा वरचा भाग गोरा आणि खालचा तांबूस झाला होता.

"लांबून आलीस," त्या म्हणाल्या. "पाय ओले झाले का?"

माझे पाय ओलेच झाले होते. पुढचा अर्धा तास माझे मोजे शेगडीजवळ वाळत होते आणि मी त्यांचे मोजे घालून बसले होते. मुलगी दाखवण्याचा कार्यक्रम तेवढ्यातच उरकला.

सासरचं घर म्हणजे मिनशुकू, घरगुती लॉज. आठ खोल्या, हिवाळाभर स्कीवाल्यांची वर्दळ. खालच्या एका खोलीत पाहुण्यांचे बूट वाळत टाकलेले असायचे, आणि त्या खोलीचा वास माझ्या सगळ्या हिवाळ्यांना चिकटून बसला आहे. स्वयंपाक सासरे करायचे. घरात सगळेच त्यांना ओतोसान म्हणत, बाबा, सासूबाईसुद्धा. आणि सासूबाईंना सगळे ओकासान म्हणत, आई. ओतोसान एका पायाने लंगडत चालायचे. मला वाटलं, स्कीवरून पडले असतील. तसं नव्हतं. बरीच वर्षं आधी छपरावरचा बर्फ ढकलताना ते छपरावरून खाली आले आणि कंबरेचं हाड गेलं. तेव्हापासून स्की बंद. माझ्या नवऱ्याला मात्र स्कीचा लहानपणापासूनच कंटाळा. गावी गेला की तो कोतात्सूत, म्हणजे खाली शेगडी असलेल्या त्या ठेंगण्या टेबलात पाय घालून पुस्तक वाचायचा. म्हणून असेल, पण सासूबाईंनी माझ्याकडे जरा आशेने पाहिलं असावं.

लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात त्यांनी मला फक्त पडायला शिकवलं. पडायचं कसं, पडल्यावर स्की उताराला आडव्या कशा करायच्या, उठायचं कसं. दोन दिवस मी पडत होते आणि उठत होते. तिसऱ्या दिवशी मी विचारलं, "ओकासान, आता घसरायला शिकवाल का?"

"घसरणं आपोआप होतं," त्या म्हणाल्या. "थांबणं शिकायचं असतं."

त्या आठवड्यात मी आईला पुण्याला फोन केला. सासूबाई कशा आहेत, हा तिचा पहिला प्रश्न.

"छान आहेत. आत्ता डोंगरावर गेल्यात, स्की करायला."

"त्या? या वयात? आणि पडल्या म्हणजे?"

"त्या पडत नाहीत, आई. मी पडते."

"मग तू कशाला जातेस?" आई म्हणाली.

पण मी जात राहिले. त्या दिवसांत अख्ख्या जपानला स्कीचं वेड लागलेलं होतं. शनिवारी सकाळी स्टेशनवर माणसांपेक्षा स्कीच्या पिशव्या जास्त दिसायच्या. ऑफिसातल्या मुली सोमवारी गॉगलमुळे उमटलेले पट्टे तोंडावर घेऊन कामाला यायच्या आणि त्याचा त्यांना अभिमान असायचा. मीही दर दोन आठवड्यांनी कुठे ना कुठे जाऊ लागले. युझावाला गेलं तर स्टेशनातून बाहेर पडल्या पडल्या डोंगर सुरू. सकाळी कावासाकीत चहा घ्यायचा आणि दुपारच्या आत लिफ्टच्या रांगेत उभं राहायचं. रांग मात्र अशी की चार वेळा खाली येण्यात दिवस संपायचा. यामागातातल्या झाओला झाडांवर वाऱ्याने बर्फ थापून थापून त्यांची पांढरी भुतं झालेली असतात. त्यांच्यामधून मी पहिल्यांदा गेले तेव्हा दहादा थांबले, नुसती बघायला. नोझावाला लाकडी न्हाणीघरांत गावचंच गरम पाणी वाहतं, आणि दिवसभर आपटलेली हाडं त्यात बुडवली की आपण फार शूर आहोत असं वाटायला लागतं. हाकुबाच्या एका उतारावर मी वरून खाली बघितलं आणि चक्क लिफ्टने परत आले. लिफ्टवाल्याने मला हात देऊन उतरवलं आणि काही विचारलं नाही. त्याचे उपकार मी विसरलेले नाही.

हे सगळं मी सासूबाईंना सांगायची. त्या मन लावून ऐकायच्या. त्यांनी स्वतः आपल्या खोऱ्याबाहेर कुठेच स्की केलेली नव्हती. तरुणपणी जिल्ह्याच्या शर्यतीत एकदा भाग घेतला होता, तीही याच डोंगरावर. हिवाळ्यात लॉज सोडून जाणार कधी?

त्यांच्या डोंगराला एक घळ होती. सह्याद्रीत उन्हाळ्यात कोरड्या पडलेल्या घळीतून चढून गेलेल्या माणसाला ती लगेच ओळखू आली असती: शिखराच्या खालून निघालेली, दोन कड्यांच्या मधली अरुंद वाट, खाली येता येता रुंद होत नदीपर्यंत पोचणारी. फक्त ही काठोकाठ बर्फाने भरलेली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिचा वरचा निम्मा भाग दिसायचा आणि तो मला भिंतीसारखा उभा वाटायचा. लिफ्टचा तिच्याशी काही संबंध नव्हता. वर जायचं तर डोंगराच्या बाजूच्या सोंडेवरून तीन-साडेतीन तास चालत.

सासूबाई वर्षातून एकदा, एप्रिलमध्ये, पाहुण्यांची गर्दी ओसरल्यावर त्या घळीतून खाली यायच्या. हे मला तिसऱ्या वर्षी कळलं, तेही ओतोसान बोलता बोलता बोलून गेले म्हणून. मी थक्क झाले. साठीला आलेली बाई, जिला मी रोज आठ खोल्यांच्या चादरी बदलताना बघत होते, ती एकटी त्या भिंतीवरून खाली येते!

"मला न्याल का?" मी विचारलं.

त्यांनी नाही म्हटलं नाही. "चालत वर जाता येतं का बघू," एवढंच म्हणाल्या.

मग दोन वसंत गेले नुसते वर जाण्यात. स्कीच्या तळाला केसाळ पट्ट्या चिकटवायच्या म्हणजे चढावर पाय मागे घसरत नाही. त्या पुढे, मी मागे. त्यांचा वेग इतका कमी होता की पहिल्या तासात मला राग यायचा, आणि तिसऱ्या तासात मी त्याच वेगाला कशीबशी लटकलेली असायची. पहिल्या वर्षी निम्म्यावरून परतलो. दुसऱ्या वर्षी माथ्यापर्यंत गेलो आणि सोंडेवरूनच खाली आलो. त्या वर्षीची त्यांची घळ त्यांनी मी कावासाकीला परतल्यावर केली. मधल्या हिवाळ्यात त्यांनी मला उभ्या उतारावर स्की आडव्या धरून बाजूने घसरत उतरायला लावलं, शेकडो वेळा, मांड्या थरथरेपर्यंत. "वळता आलं नाही तरी चालेल. हे आलं की घरी पोचशील."

तिसऱ्या वर्षीच्या एप्रिलमध्ये त्या म्हणाल्या, "या वेळी आपण घळीतून येऊ."

पहाटेच्या थंडीत बर्फ दगडासारखा घट्ट होता. ऊन वर आलं की तोच मऊ पडतो, जाड्या साखरेसारखा दाणेदार होतो, आणि त्या दोन तासांतच खाली उतरायचं असतं. आम्ही निघालो तेव्हा ओतोसान काठी टेकत नदीपलीकडच्या शेताकडे चालले होते. काखेत गादीची एक जुनी लाल खोळ होती. वाळत घालायला चालले असतील असं मला वाटलं, म्हणजे मी किती गोंधळलेली होते बघा.

माथ्यावर पोचलो. पायाखाली घळीचं तोंड. वरचे वीस-पंचवीस हात दिसत होते, मग उताराला एक फुगवटा होता आणि त्यापलीकडे एकदम खाली नदी. मधलं काहीच दिसत नव्हतं. मी भीतीने गार झाले होते, पण ती भीती मला हवीशी होती. तीन वर्षं मी या जागेसाठी घालवली होती. मी पट्ट्या काढल्या, बूट आवळले. सासूबाईंनी थर्मासमधून चहा ओतला, मला दिला आणि नदीपलीकडे बघत बसल्या.

"लाल दिसतंय का तुला?" त्यांनी विचारलं.

मी पाहिलं. खाली पांढरं शेत, त्यात एक काळा ठिपका, तो ओतोसानांचा. लाल काही नव्हतं.

"नाही."

"मलाही नाही."

मग त्यांनी सांगितलं. ओतोसानांच्या हाताशी दुर्बीण असते. समोरच्या शेतातून अख्खी घळ दिसते, फुगवट्याखालचीसुद्धा. बर्फ ठीक असला तर ते लाल खोळ पसरतात. पसरली नाही, तर नाही.

आम्ही अर्धा तास थांबलो. ऊन चढलं. बर्फ अगदी हवा तसा झाला. मी काठीने टोचून पाहिला. आकाशात ढग नाही, वारा नाही.

"ओकासान, बर्फ तर चांगला आहे," मी शेवटी म्हणाले. "त्यांना कदाचित नीट दिसत नसेल. किंवा खोळ विसरले असतील."

"इथून मलाही चांगलाच दिसतोय," त्या म्हणाल्या. "म्हणून तर ते तिथे उभे आहेत."

आवाजात चीड नव्हती, समजूत घालणंही नव्हतं. त्यांनी कप झटकला, थर्मास पिशवीत टाकला आणि सोंडेच्या दिशेने स्की वळवल्या. वर्षातला त्यांचा एकच दिवस होता तो. मागे वळून एकदाही त्यांनी घळीकडे पाहिलं नाही. मी मात्र दहा वेळा पाहिलं. मला रडू येत होतं, आणि त्या वयात, त्या कारणासाठी रडू यावं याची लाजही वाटत होती.

घरी पोचलो तर ओतोसान दारातच. ते माझ्यासमोर वाकले आणि म्हणाले, "माफ कर. तू इतक्या लांबून आली होतीस."

त्यांनी मला शेतात नेलं, दुर्बीण दिली, कुठे बघायचं ते काठीने दाखवलं. फुगवट्याच्या बरोबर खाली बर्फात एक आडवी रेघ होती. तपकिरी, पेन्सिलने ओढल्यासारखी. आत ओलं गवत दिसत होतं.

"काल नव्हती," ते म्हणाले.

म्हणजे सगळा बर्फच जमिनीवरून सुटून खाली सरकू लागला होता. कधी कोसळेल सांगता येत नाही. एका तासात, एका आठवड्यात. प्रत्यक्षात कधी कोसळला हे कुणालाच कळलं नाही. दुसऱ्या दिवसापासून पाऊस लागला, डोंगर ढगात गेला, मी कावासाकीला परतले. आठवड्याने ढग उठले तेव्हा घळीत बर्फापेक्षा दगडच जास्त होते, असं सासूबाई फोनवर म्हणाल्या. आपण गेलो असतो तर काय झालं असतं, हा विषय त्यांनी काढला नाही. मी काढला, तर म्हणाल्या, "गेलो नाही ना," आणि माझ्या ऑफिसची चौकशी करू लागल्या.

पुढच्या वर्षी मी ठरवून ओतोसानांबरोबर शेतात थांबले. मला ते काय बघतात ते बघायचं होतं. एक तास ते घळ वरून खाली, खालून वर वाचत होते, जसं आपण करारनाम्याचा मजकूर वाचतो, एकही शब्द न गाळता. मग दुर्बीण खाली ठेवली आणि लाल खोळ पसरली. चार कोपऱ्यांवर चार बर्फाचे गोळे ठेवले.

"हे कधीपासून करता?" मी विचारलं.

"पडलो त्याच्यानंतर. आधी आम्ही दोघं बरोबर यायचो. पाय गेल्यावर दोन वर्षं ती गेलीच नाही. विचारलं की म्हणायची, कामं आहेत. मग मी म्हटलं, मी समोर उभा राहतो, तू जा."

वरच्या पांढऱ्या कडेवर एक ठिपका हलला. त्यांनी दुर्बीण माझ्या हातात दिली.

"तुम्ही?"

"माझं काम झालं. आता मला नुसतंच बघू दे."

मी बऱ्याच उत्तम लोकांना स्की करताना पाहिलं आहे. त्यातले काही स्पर्धांतले होते, काही असे की ज्यांना बघायला माणसं उताराच्या कडेला थांबतात. पण त्या सकाळी मी जे पाहिलं तसं पुन्हा पाहिलं नाही. त्या वरच्या अरुंद तोंडात शिरल्या आणि पहिलं वळण घेतलं. छोटी उडी, दोन्ही स्की हवेत फिरल्या, पुन्हा बर्फात रुतल्या. एक क्षण स्थिर. मग दुसरं. दोन्ही बाजूंच्या कड्यांमध्ये जेमतेम दोन माणसं आडवी झोपतील एवढी जागा. फुगवट्याशी त्या थांबल्या, श्वास घेतला, आणि त्याच्यावरून अशा उतरल्या की जणू खाली काय आहे ते त्यांना पाठ होतं. ते त्यांना दिसत नव्हतं, हे मला माहीत होतं. फुगवट्याखाली घळ रुंद झाली तशी वळणं मोठी झाली, उड्या थांबल्या, आणि मग अख्ख्या रुंदीभर या कडेपासून त्या कडेपर्यंत त्या मोठमोठ्या कमानी काढत आल्या. सोबत घसरणाऱ्या दाण्यांचा सळसळाट नदीपलीकडे आम्हाला ऐकू आला. कमाल वाटली ती त्यांच्या हातांची. हात शांत होते, स्वयंपाकघरात ताटं मांडताना असतात तसेच.

त्या नदीशी पोचल्यावर ओतोसानांनी खोळ झटकून घडी केली आणि म्हणाले, "भात लावला पाहिजे."

त्याच्या पुढच्या वर्षी मी त्या घळीतून खाली आले. याचं वर्णन थोडक्यात करते, कारण त्यात बघण्यासारखं काही नव्हतं. वरचा सगळा अरुंद भाग मी बाजूने घसरत, इंचाइंचाने उतरले. सासूबाई माझ्या खाली पाच-सहा हातांवर थांबायच्या, मी पोचले की पुढे जायच्या. फुगवट्यावर माझे पाय हलेनात. त्या वर बघून म्हणाल्या, "कावासाकीला जायची गाडी सव्वाचारची आहे," आणि मला हसू फुटलं आणि पाय सुटले. खालच्या रुंद भागात मी वीसेक वळणं घेतली. ती वीस वळणं माझ्या आयुष्यातली सर्वात चांगली. खाली पोचल्यावर सासूबाईंनी माझ्या टोपीवरचा बर्फ हाताने झटकला. आईने झटकावा तसा.

नागानोपर्यंत शिनकानसेन, म्हणजे बुलेट ट्रेन, आली त्याच सुमारास ओतोसानांची नजर अधू झाली. मोतीबिंदू. त्या एप्रिलमध्ये सासूबाई घळीत गेल्या नाहीत. मी म्हटलं, "मी उभी राहते ना समोर. मला आता कळतं काय बघायचं ते."

त्यांनी खरोखर विचार केला. चहा निवेपर्यंत केला. मग म्हणाल्या, "तुला कळतं. पण मला वर उभं राहून सारखं वाटत राहील, की तुझ्याकडून काही राहिलं तर नाही ना. तसं वाटत असताना उतरू नये. आणि राहिलंच काही, तर ते तुला जन्मभर पुरेल. ते मला नको."

मला वाईट वाटलं नाही. उलट इतकं खरं कुणी माझ्याशी क्वचितच बोललं असेल.

शरद ऋतूत शहरात ओतोसानांची शस्त्रक्रिया झाली आणि नजर सुधारली. पण तोवर सासूबाईंचा गुडघा कुरकुरू लागला होता आणि घळ संपली हे त्यांनीच जाहीर केलं, जेवताना, लोणच्याची बशी पुढे करता करता. मग मला म्हणाल्या, "तू ते होक्काइदोचं काय म्हणत होतीस? तिथला बर्फ कोरडा असतो, ते?"

फेब्रुवारीत, ऐन हंगामात, लॉज ओतोसानांवर आणि माझ्या नवऱ्यावर सोपवून आम्ही दोघी होक्काइदोला गेलो. त्यांचा हा पहिला विमानप्रवास. खिडकीतून खालचे डोंगर बघत त्यांनी प्रत्येकावर कुठून उतरता येईल ते मला बोटाने दाखवलं. सकाळी लिफ्टने वर गेलो. सपाट म्हणावा असा उतार, गुडघाभर नवा बर्फ, पिठासारखा. त्या निघाल्या आणि तीन वळणांनंतर थांबल्या. मला वाटलं गुडघा दुखावला. धापा टाकत पोचले तर त्या खाली स्कीकडे बघत होत्या.

"आवाजच येत नाही," त्या म्हणाल्या.

आमच्या गावचा बर्फ ओला, जड. तो सतत बोलतो. हा गप्प होता. त्यांनी स्की पुढे-मागे सरकवून पाहिली, पुन्हा कान दिला, आणि एकदम हसत सुटल्या. मग मला मागे टाकून गेल्या त्या थेट खालच्या लिफ्टपर्यंत.

दुपारी जेवायच्या आधी त्यांनी सार्वजनिक फोन शोधला. ओतोसान स्वयंपाकाच्या गडबडीत असणार, तरी बराच वेळ बोलत होत्या. मी फोनबूथच्या काचेबाहेर दोघींच्या काठ्या धरून उभी होते. त्या एका हाताने रिसीव्हर धरून दुसऱ्या हाताने हवेत वळणं काढून दाखवत होत्या, एकामागून एक, छोटी, मग मोठी.